भरलेले गाल

आयुष्यभर शिलाई मशीन चालवून शिंपीणबाईंचे गुडघे पार कामातून गेले होते. "निव्वळ झाडपाला आहे, अपाय कसला?" म्हणत शेजारणीनं चूर्ण आणून दिलं, आणि दोन महिन्यांत बाई जिना भराभर चढू लागल्या. गालही वर आले.

"आई, काय छान भरलीस गं," परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला. "मी उगाच जिवाला घोर लावून घेतला. रविवारी पुन्हा बघतो, अशीच दिसलीस तर तिकडे यायचं तिकीट रद्दच करून टाकतो."

डॉक्टरांनी मात्र ते चूर्ण तपासून घेतलं. "मावशी, ही तब्येत नाही, सूज आहे. यात स्टेरॉइड मिसळलंय. हळूहळू बंद करू. सूज उतरायला दोन-तीन महिने जातील."



"निदान गालांवरची तेवढी," शिंपीणबाईंनी हळूच विचारलं, "रविवारच्या आत उतरेल का हो?"