पलंगाचा उतार

डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजोबा, सपाट निजलात तर फुफ्फुसांत पाणी भरेल. पलंग डोक्याकडून उंच करून घ्या." आमच्या ह्यांनी उशाकडच्या पायांखाली स्वतःच लाकडी ठोकळे बसवले. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, पण कुरकुर काही थांबेना. "अख्ख्या आयुष्यात एक फळी तिरकी बसवली नाही, आणि आता मीच तिरका."

रोज सकाळी हे घसरून पायथ्याशी गोळा झालेले असायचे आणि मी काखेत हात घालून त्यांना वर ओढायचे. काल माझ्या कंबरेत उसण भरली, तेव्हा तोंडून निघून गेलं, "एक दिवस तरी जिथल्या तिथे राहा हो."

"बघतो काहीतरी," म्हणाले.

संध्याकाळी मी जपाला बसले असताना आतून हातोडीचे ठोके ऐकू आले. माळ अर्ध्यावर सोडायची नाही हा माझा नेम, म्हणून उठले नाही. हे लवकरच दिवा मालवून झोपले. मी बाहेरच्या खोलीत निजते. रात्रभर खोकला ऐकू आला नाही, म्हणून पहाटे देवाला हात जोडले.

चहा घेऊन आत गेले. हे उशीवरच होते, चादरीला एक सुरकुती नव्हती. हाक मारली, हलले नाहीत. ठोकळे भिंतीशी नीट रचून ठेवलेले.



पलंगाच्या कडेवर त्यांची पातळी बघायची पाणसळ होती, बुडबुडा बरोबर मधोमध.