रोजची वाक्यं

"जेवलास का रे?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"हो गं आई. तू?" मंगळावरच्या हेमंतचं उत्तर लगेच आलं. तिकडची लाइन बारीक, फार शब्द मावत नसत, म्हणून रोजची वाक्यं कंपनी पाठवतच नसे. घरचा फोनच ती त्याच्या जुन्या बोलण्याच्या साठ्यातून, त्याच्याच आवाजात म्हणून टाकी.

आज बाईंना लहर आली. "काय जेवलास?"

फोन गप्प. संध्याकाळपर्यंत गप्पच.

त्यांनी कंपनीत विचारलं. "काकू, लाइन उत्तम चालू आहे," तिथली बाई म्हणाली. "दिवाळीपासून तिकडून नवीन शब्दच आलेला नाही. लाइनची एवढी बचत कुणाचीच नाही हो."

वत्सलाबाईंनी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. मग त्यांनी फोन जवळ ओढला.

"जेवलास का रे?"

"हो गं आई. तू?"

"जेवले," त्या धडधडीत खोटं बोलल्या.