करडं यान

विश्वेश ऑफिसला निघताना संयुक्ताचा फोन खिशात घालून नेई. माहेरी बोलायचं नाही, हा त्याचा नियम. कॉम्प्युटरवर ऑनलाइन खेळायच्या अंतराळातल्या लढाईला मात्र त्याची ना नव्हती. "फुकटचा खेळ आहे ना? मग खेळ की!"

परमुलखातल्या, वेलचेरीच्या त्या फ्लॅटात तेवढंच एक आभाळ तिचं होतं. त्या आभाळात तिनं माहेरचं नाव घेतलं होतं, चिमणी.

महिन्याभरापासून एक करडं यान तिच्या सोबतीला येई. शत्रूवर एक गोळी त्याला नीट झाडता येत नसे. चिमणीवर येणाऱ्या गोळ्या मात्र ते पुढे होऊन अंगावर घेई, फुटून जाई, आणि पुन्हा उगवून तिच्याच शेजारी येई.

"कोण गं हा वेडा?" सासूबाई मागून डोकावत.

"असेल कुणी नवशिका," म्हणून ती पडद्याकडेच बघत राही.

काल त्या यानानं पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'उद्या चपला दाराशी ठेव.'

"हे काय आता?"

"खेळातली खूण असते, सासूबाई."

आज करडं यान आलंच नाही. दुपारी बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं आणि त्या थबकल्या. "विहीणबाई, तुम्ही?"

जिना चढून आलेली आई धापा टाकत त्यांच्या खांद्यावरून आत बघत होती.

"चल, चिमणे. तुझ्या खेळात मला एक गोळी धड मारता आली नाही गं. पण ऑटो खाली उभी आहे."