त्याचा एक, तिचे सहा

फोल्कमारने कॉफीच्या बशीशेजारी फासा ठेवला. वर एकच ठिपका.

बोर्गहिल्डचा फासा आधीच टेबलावर होता. तिने सहा ठेवले होते. सहा म्हणजे याच्यापुढे मागण्यासारखं काही उरलं नाही. असे सहा तिने याआधी आठ वर्षांपूर्वी ठेवले होते, आणि तेव्हा तिला ताप होता असं मंडळात बोललं जायचं.

ती त्या एकुलत्या ठिपक्याकडे बघत राहिली. संपलं म्हणायचं.

गावच्या सिनेमागृहात गुरुवारी सकाळी अकराचा खेळ निवृत्त मंडळींचा. खेळ सुटला की बाहेरच्या दालनात कॉफी, वॉफल आणि तपकिरी चीज. मग ज्याने त्याने खिशातून आपला फासा काढायचा आणि इथली वर्तमानपत्रं देतात तसे चित्रपटाला एक ते सहा गुण द्यायचे. दिलेल्या गुणांवर चर्चा करायची नाही, हा मंडळाचा एकमेव नियम. नॉर्वेत शेजाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न कुणालाही बघता येतं, पण त्याला चित्रपट का आवडला हे विचारणं म्हणजे आगाऊपणा. बोलायचंच झालं, तर चित्रपट आवडला तरी "वाईट नव्हता" म्हणायचं, नाही आवडला तरी "वाईट नव्हता", आणि झोप लागली असेल तर "छायाचित्रण वाईट नव्हतं".

फोल्कमार हा जर्मनीतल्या ल्युबेकचा निवृत्त घड्याळजी. बायको गेल्यावर पंधरा दिवस फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधल्या खाड्या, बघायला म्हणून आला आणि भाड्याचं घर घेऊन राहिला. मंडळातला हा त्याचा चौदावा गुरुवार. बोर्गहिल्डला तो आवडला होता. खुर्ची ओढून द्यायचा. वॉफलचा करपलेला तुकडा स्वतः घ्यायचा. पण चित्रपटाच्या बाबतीत हा माणूस वेगळ्याच ग्रहावरचा. तिने पाच दिले की त्याचे दोन. ज्या चित्रपटातून ती अर्ध्यावर उठायला निघाली होती आणि तिने एक दिला, त्याला या गृहस्थाचे सहा! एकदाच तिचे तीन आणि त्याचे चार पडले, तेव्हा ती आठवडाभर खुशीत होती.

तिच्या घटस्फोटित नवऱ्याची तऱ्हा याच्या उलट होती. तो सगळ्याला चार द्यायचा. चित्रपटाला, मटणाला, तिला. एकतीस वर्षं. म्हणून पुन्हा कुणाच्या आवडीनिवडीशी तडजोड करायची नाही, हे तिने पक्कं केलं होतं.

मागच्या गुरुवारी फोल्कमार कॉफी ढवळत म्हणाला होता, "घरमालक विचारतोय, आणखी राहणार की ल्युबेकला परत जाणार? तुला काय वाटतं?"

"पुढच्या गुरुवारी सांगते," ती म्हणाली होती. आणि मनाशी ठरवलं होतं: पुढच्या चित्रपटाला याने निदान चार दिले, तरी राहा म्हणायचं.

आजचा चित्रपट दीपगृहात राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचा होता. आणि याने ठेवला एक.

"का रे, एक का?" बोर्गहिल्डने विचारलं.

दालनातले चमचे थांबले. सगळ्यांचे गुण कागदावर उतरवणारी चिटणीस ओडलाउग पेन्सिल रोखून म्हणाली, "बोर्गहिल्ड! नियम!"

"नियम गेला खड्ड्यात. फोल्कमार, तू रडत होतास. दोनदा चष्मा पुसलास, मी पाहिलंय. आणि वर एक?"

"मग किती ठेवू? याच्याखालचा आकडा फाशावर नाही ना!"

"आणखी खाली जायचं होतं तुला?"

"अर्धा तरी द्यायला हवा होता. ती म्हातारी एकटीच दिव्याची काच पुसते, तेव्हा तर..." त्याने पुन्हा चष्मा पुसला. मग तो हळूच म्हणाला, "पण तुला इतका भिकार वाटला? सहा?"

"सहा म्हणजे भिकार?"

"नाही तर काय? आमच्या शाळेत एक मिळाला की आई केक करायची. सहा मिळाले की पुढच्या वर्षी त्याच बाकावर."

आता ओडलाउगच नियम विसरली. "अरे, पण आमच्याकडे चित्रपटांच्या जाहिरातींवर ठळक सहा छापलेले असतात, ते तू पाहिले नाहीस?"

"पाहिले की. म्हटलं, काय प्रामाणिक देश आहे!"

हसता हसता कोपऱ्यातल्या एका आजोबांना ठसका लागला. ओडलाउग मात्र हसली नाही. चौदा चित्रपटांच्या सरासऱ्या चुकल्या होत्या, ती खोडरबर शोधू लागली.

"घरमालकाला कळवलंस?" बोर्गहिल्डने विचारलं.

"अजून नाही. ठरवलं होतं, तुला हा चित्रपट आवडला तर राहायचं. तुझे सहा बघितले आणि म्हटलं, आता घरी जाऊन सामान बांधावं."

"घरी जाऊन आधी त्याला फोन कर. आणखी एक वर्ष म्हणून सांग."

"एकच?"

ती त्याचा फासा उचलून बघू लागली. वर एक ठिपका. तिने फासा पालथा केला. खाली सहा. दोनच्या खाली पाच, चारच्या खाली तीन. चौदाही गुरुवार तिचाच आकडा त्याच्या फाशाखाली गुपचूप बसून होता.