परत आणलेली माती

कोंडिबाने बैलगाडी थेट बंद कारखान्याच्या गेटात नेऊन उभी केली. गाडीत काठोकाठ काळी माती होती.

वॉचमन बंडू शेजारच्याच वाडीचा. तो खुर्चीतून उठला. "काका, हे काय आनलं?"

"तुमचीच हाय. घ्या म्हागारी. उरलेली आनतो रोज थोडी थोडी."

उन्हाळ्यात रंगाच्या या जुन्या कारखान्याची जमीन खरवडायला घेतली, तेव्हा मातीचे डंपर कोंडिबाच्या भाताच्या खाचराजवळून जायचे. त्याचं रान तांबडं, मुरमाड. दरवर्षी धरणातला गाळ आणून टाकावा, तेव्हा कुठं भात जोर धरायचा. ही माती तर गाळाहून काळी, लोण्यासारखी मऊ. त्यानेच डंपर अडवला, ड्रायव्हरला चहा पाजला, 'हितंच वता' म्हणून गळ घातली. ड्रायव्हरचंही डिझेल वाचलं. मग तो आणि रतनबाई, दोघं नवराबायको, ती माती हाताने पसरत होती आणि गावभर सांगत होती, यंदा नशीब उघडलं म्हणून.

आता सगळ्या शिवारात लावणी चालली होती. कोंडिबाचा तरवा, लावणीसाठी पेरलेली भाताची रोपं, बोटभर उगवला आणि करपला. पुन्हा पेरला, तोही गेला. रतनबाईच्या तळहातांची सालपटं निघत होती. आपणच हाका मारून हे घरात घेतलं, ही लाज त्याला सगळ्यात जास्त खात होती.

"न्हाई घेता येनार, काका," बंडू म्हणाला. "आतली जमीन साफ झाली. सायेब तपासून गेले. ह्यातली मूठभर जरी आत आली तर माजी नोकरी जाईल."

"आरं, पर हितलीच हाय न्हवं?"

"हितली व्हती."

"मग टाकू कुठं?"

"कुठंच टाकता येत न्हाई. इखारी हाय ती. आन हितं आता बिल्डिंगा व्हनार, मान्सं ऱ्हायला येनार."

"आमी बी ऱ्हातोच की तिकडं," कोंडिबा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग कुणावर काढायचा, हेच त्याला कळत नव्हतं.

कोंडिबाने बैल वळवले. वळताना चाक दगडावर चढलं आणि गेटसमोर घमेलंभर माती सांडली.

बंडूचा चेहरा उतरला. "काका, तेवढी भरून घ्या. सायबांची गाडी यील आता."

कोंडिबा उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"थांबा, उघड्या हातानं नगा," म्हणत बंडू केबिनकडे धावला आणि रबरी हातमोजे घेऊन आला.

कोंडिबाने ते उलटसुलट करून पाहिले. मग एकेक बोट सारत हातात चढवले, आणि जन्मात पहिल्यांदा हातमोजे घालून मातीला हात लावला.