बसमधलं घर

जनरेटरच्या पाण्याच्या टाकीतून तिसऱ्यांदा वाफ फुसफुसली, तेव्हा चनबसप्पांनी हातातला पाना जमिनीवर आपटला आणि जनरेटरचं इंजिन बंद केलं. आतला पंखा रेंगाळत थांबला. बसचा पत्रा उन्हानं तव्यासारखा झाला होता.

नवी पेठेतलं चादरींचं दुकान मुलांच्या हाती देऊन चनबसप्पांनी लिलावात एक जुनी बस घेतली होती आणि वर्षभर खपून तिचं घर केलं होतं. दोन पलंग, स्वयंपाकाचा ओटा, टाकीचा नळ, देवाचा कोनाडा. पंख्याला आणि दिव्यांना वीज म्हणून मागच्या कप्प्यात डिझेलचा जनरेटर. या बसमधून ते शिवबाईंना श्रीशैलला नेत होते. शिवबाई लग्न होऊन आल्यापासून माहेर सोडलं तर कुठंच गेल्या नव्हत्या. हिला घरच्यासारखं वाटलं पाहिजे, असं चनबसप्पा बस बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. आणि आता अक्कलकोट मागं पडतंय तोवर, पहिल्याच जेवणाच्या मुक्कामाला ही तऱ्हा.

ड्रायव्हर इसूफनं सुचवून पाहिलं की इंजिन निवू द्यावं, तोवर झाडाखाली जेवून घ्यावं. चनबसप्पांनी ऐकलं नाही. बसमध्ये पंखा असताना माणसं झाडाखाली का जेवतील, असं ते म्हणाले.

आधी त्यांना वाटलं, पाणी कमी पडलं असेल. शेजारच्या रानात काम करणाऱ्या नागव्वा नावाच्या बाईनं विहिरीवरून घागर भरून आणून दिली. पाणी भरलं, इंजिन चाललं, दोन भाकरी होईतो पुन्हा तापलं. मग पट्टा ढिला वाटला म्हणून तो ताणला. मग रेडिएटरच्या फटींत धूळ बसली असेल म्हणून ब्रशानं घासून काढली. धोतराला ऑइल लागलं, अंगठा भाजला, इंजिन मात्र तापायचं थांबेना. इसूफ काही बोलायला लागला की ते त्याला गप्प करत.

आत शिवबाई भाकरी थापत होत्या. पुढ्यात स्टो आणि पाठीमागे, एका फळीच्या पलीकडे, जनरेटर. लुगडं पाठीला चिकटलं होतं. चनबसप्पा बाहेरून पुन्हा पुन्हा सांगत होते की आता पंखा लागेल, तू उन्हात येऊ नकोस. त्या पदरानं मान पुसून पुढची भाकरी थापायला घेत.

शेवटी चनबसप्पा बसच्या मागे मातीतच बसले. इंजिन पुन्हा लावलं होतं. गरम हवा बाहेर जायला त्यांनी स्वतः बसवून घेतलेली जाळी समोर होती. सहज त्यांनी तिच्यापुढे तळहात धरला. तिथून भात्यासारखा वारा यायला हवा होता. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

त्यांनी इंजिन बंद करून कप्प्याचं दार उघडलं आणि आत डोकं घातलं. रेडिएटर आणि जाळीच्या मधे ज्वारीचं पोतं घट्ट बसलं होतं. त्याच्या अंगाला गोणपाटात गुंडाळलेला पाटा-वरवंटा. हवा बाहेर न जाता उलटी इंजिनावरच येत होती. त्यांनी पोत्यात हात घातला. ज्वारी भट्टीतून काढल्यासारखी कढत होती.

"हे हितं कुणी कोंबलं?"

इसूफ रस्त्याकडं बघायला लागला. शिवबाई पिठाच्या हातानं दारात आल्या.

"तुमीच की. आत जागा न्हवती म्हणून."

ते खरं होतं. हॉटेलचं अन्न बाधतं म्हणून मंगळवेढ्याची ज्वारी आणि चटणीला पाटा बरोबर हवाच, हा हट्ट त्यांचाच होता. निघताना गुडघा लावून पोतं आत दाबलं होतं तेही त्यांनीच.

चनबसप्पा आणि इसूफनं मिळून पोतं बाहेर ओढलं. आता ते ठेवायचं कुठं, हा प्रश्न आला. पलंगाखाली ट्रंका होत्या, वाटेत डबे होते, ओट्याखाली भांडी. चनबसप्पांनी एक ट्रंक हलवली, दोन डबे उचलले, पुन्हा होते तिथंच ठेवले आणि वैतागून खाली उतरले.

"असू द्या हितंच. त्या बाईला देऊन टाकू," शिवबाई म्हणाल्या.

"आणि आपण खायाचं काय?"

"वाटंनं माणसं ऱ्हात्यात की. ती खात्यात ते."

चनबसप्पा बाधणाऱ्या अन्नाबद्दल पुन्हा सांगू लागले. शिवबाईंनी ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "घरातनं बाहेर पडायचं म्हणून मी व्हय म्हणले. तुमी घरच संगं घेतलं."

त्या आत गेल्या, स्टो विझवला, हात धुतले आणि झालेल्या भाकरी फडक्यात बांधून खाली उतरल्या. चिंचेखाली नागव्वा शिदोरी सोडून बसली होती. दोघींचं कानडीत बोलणं सुरू झालं. ज्वारी घ्यायला नागव्वा आधी नको म्हणाली, मग हो म्हणाली, आणि तिनं आपल्या ताटलीतलं पुंडीपल्ल्या, अंबाडीची भाजी, शिवबाईंच्या भाकरीवर घातलं. इसूफही आपला डबा घेऊन तिकडंच गेला.

चनबसप्पांनी इंजिन लावलं. बराच वेळ ते जाळीपुढे हात धरून उभे राहिले. आता गरम वाऱ्याचा झोत येत होता. वाफ नाही, फुसफुस नाही. ते बसमध्ये चढले आणि पंख्याचं बटण दाबलं. पंखा गरगरला, खिडक्यांचे पडदे उडायला लागले. त्यांनी दारातून हाक मारून सांगितलं की झालं, आता आत या. शिवबाईंनी हात वर केला आणि पुढचा घास मोडला.

इंजिनाचा आवाज ऐकून नागव्वानं कानडीत विचारलं, आत कोण बसलंय?

"यारू इल्ल," शिवबाई म्हणाल्या. कुणी नाही.

चनबसप्पा अजून बसच्या पायरीवर उभे होते. शिवबाई जराशा सरकल्या आणि शेजारची सावली मोकळी केली.