कानपिळी

नवऱ्याच्या, धनाजीच्या काठीखाली मनगट मोडलं, तरी रेवतीच्या कानातला मणी आईच्या आवाजात म्हणत राहिला, "बाळा, श्वास घे. हळूच सोड." आणि तिची छाती त्या आवाजाच्या आज्ञेत राहिली.

मण्यातून बोलणारं ध्यानाचं हे ॲप गावात कुणी वापरेना, म्हणून त्यात माहेरचा आवाज भरला गेला. मग कानपिळीचा रिवाजच फिरला. लग्नात भाऊ नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. आता तो बहिणीच्याच कानात मणी घालू लागला.

दुसऱ्या दिवशी भाऊ संभा आला. "ह्यांनी हात मोडला रे," रेवती म्हणाली, घरातलं मीठ संपलं म्हणावं तशी.

संभाने तिच्या फोनवर ॲप उघडलं. "ताई, मन तर शांत दाखवतंय की! पडली असशील."

"आमचं घर म्हणजे देऊळ, मेव्हणे," धनाजी हसला.

रेवतीने मणी उपसून फेकला. आधी गळ्यातून नुसती हवा आली, मग दोन वर्षांचं कोंडलेलं एकदम फुटलं. त्या किंकाळीने गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. संभा पांढराफटक पडला. मग त्याने दाजीचा कान धरला आणि लग्नात राहिलेली कानपिळी पुरी केली. पाळी फाटून रक्त मानेवर ओघळलं, तरी सोडला नाही.

भुईवरचा मणी अजून बोलत होता, "शांत हो, बाळा." गेल्या साली वारलेल्या आईचा आवाज जगात तेवढाच उरला होता.

"आई, आता तू गप," रेवती म्हणाली, आणि डाव्या हाताने उचललेला वरवंटा तिने मण्यावर घातला.